तोंड लावलेला धोटा

जॉबरनं, म्हणजे माग खात्याच्या मुकादमानं, धोटा चिंधीत धरला. उघड्या हातानं धरला नाही. माझ्या मागावरचा धोटा, माझी थुंकी त्यावर अजून ओली होती. माग थांबवून सगळी माणसं बघत उभी राहिली. तो भिंतीकडंच्या गटारीपर्यंत चालत गेला, धोटा आत टाकला आणि मला म्हणाला, "जा, काढ त्यो. घरी घिऊन जा. तुझ्या तोंडाचा हाय."

मी काढला. गटारीत कोपरापर्यंत हात घालून काढला. कुणीतरी हसलं. मला राग आला असं आज सांगितलं तर ते खोटं होईल. मला काहीच आलं नाही. हात घाण झाला होता, तो धोतराला पुसला, एवढंच आठवतंय.

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळतं ते लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की दुसरी घालायची, धोट्याच्या बारक्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वास ओढून सुताचं टोक बाहेर घ्यायचं. दिवसभर हेच. याचा धोटा त्याच्या हातात, त्याचा याच्या. मराठा, साळी, मुसलमान, सगळ्यांची थुंकी त्या भोकात एक व्हायची आणि कुणाचं काही बाटत नव्हतं. महाराचं तोंड लागलं की मात्र लाकूड बाटायचं. म्हणून सोलापूरच्या आमच्या गिरणीत आम्हाला सूत खातं खुलं आणि माग खातं बंद. दारावर तशी पाटी नव्हती. गावातल्या विहिरीवर तरी कुठं होती?

मी सूत खात्यातलाच. बायको त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात. आमचं गाव मैंदर्गीच्या अलीकडं. बाप तिथं गावकीची कामं करायचा. मेलेलं ढोर ओढायचं, कुणाचा सांगावा कुणाकडं पोचवायचा, आणि दिवस मावळला की टोपली घेऊन दारोदार भाकर मागायची. भाकर शिळी, तीही वरून टाकलेली. गिरणीनं आम्हाला काय दिलं नाही ते सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही. पण एक झालं, मागून खायचं सुटलं. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं आणि आपल्या चुलीवरची गरम भाकर मोडायची. ज्यांनी कधी मागून खाल्लं नाही त्यांना यात काय विशेष ते कळायचं नाही.

मग सुताची नवी यंत्रं आली. साहेब म्हणाला, आता एक माणूस दोघांचं काम करील. मग दुसऱ्यानं काय करायचं? दुसऱ्यानं घरी जायचं. तो दुसरा मी निघालो. बायकोच्या खात्यात तर बायकांची रांगच्या रांग उठवली आणि तिथं एक लोखंडी चौकट गरगर फिरायला लागली. तीही घरी आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशात बापाचा सांगावा आला. मी थकलो, गावकीला माणूस पाहिजे, नाहीतर घरावरचा हक्क जाईल, निघून ये.

मी बायकोकडं बघितलं. ती पोराला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "उपाशी ऱ्हाईन. पण टोपली घिऊन कुणाच्या दारात हुबी ऱ्हानार न्हाय. अन् ह्याला तर न्हायच न्हाय."

म्हणून मी गिरणीच्या गेटावर उभा राहायला लागलो. बदली म्हणायचे त्याला. सकाळी जॉबर यायचा आणि गैरहजर माणसांच्या जागी गर्दीतला हाताला लागेल तो उचलायचा. एका सकाळी माग खात्याचा जॉबर आला. नवा होता, मला ओळखत नव्हता. माग चालवता येतो का म्हणाला. मी येतो म्हणालो. सूत खात्यातून कांड्यांच्या पाट्या आणून माग खात्याच्या दारात ठेवायचं काम मी किती वर्षं केलं होतं, आणि ठेवता ठेवता बघत होतो. नुसतं बघितल्यानं काही बाटत नव्हतं. त्यानं जात विचारली नाही. मी सांगितली नाही.

माग चालला. आधी सूत दोनदा तुटलं, मग हात बसला. चांगला चालला. मनात म्हटलं, आता गावाला नाही म्हणून कळवायचं. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतला शिवाप्पा मान वळवून बघायला लागला. तो आमच्याच गावचा. त्याच्या दारची भाकर खाऊन मी वाढलो, त्याला आम्ही धनी म्हणायचो. मी नवी कांडी घातली, धोटा ओठाला लावला आणि शिवाप्पा आपला माग सोडून जॉबरकडं गेला. पुढं काय झालं ते मी आधीच सांगितलंय.

त्यानंतर मिळेल ते केलं. खडी फोडली, वखारीत लाकडं उचलली. बायको लोकांच्या शेतात खुरपायला गेली. पोर किरकिरं झालं. दिवस कसे गेले विचारू नका, गेले.

एक दिवस ऐकलं की गिरणीत नव्या जातीचे धोटे आलेत. तोंड लावून छातीचा रोग पसरतो असं कुणा डॉक्टरनं साहेबाच्या डोक्यात भरवलं होतं. या धोट्याला चीर होती, सूत बोटानं ओढायचं. तोंडाचं कामच नाही. अरे वा! मी खडीचा हातोडा तिथंच टाकला आणि तडक गेटावर गेलो. जॉबर पान खात उभा होता. हात जोडून म्हटलं, "जॉबरसायेब, आता तोंड लावायचं न्हाय म्हंत्यात. मला घ्या की."

तो हसला. "का बे," म्हणाला, "धोटा बदलला. तू बदललास का?"

मी परत आलो. वाटेत रडू आलं नाही, शिवीही आली नाही. डोकं मात्र चालत होतं. थुंकी हे कारण नव्हतंच कधी. ते कारण यंत्रानं काढून घेतलं तरी बंदी जिथल्या तिथं. यंत्रानं माझं काम नेलं, बायकोचं नेलं, पण जात न्यायचं यंत्र काही विलायतेहून आलं नाही. इतकी वर्षं मी माझ्याच ओठांना दोष देत होतो, ते त्या दिवसापासून बंद केलं.

आता पुढचं ऐका. साहेबाची नजर माग खात्यावर गेली. एकानं दुप्पट माग सांभाळायचे, बाकीचे घरी. काल जे आमच्यावर हसले ते आज गेटाबाहेर आले. संप. दिवस मावळताना जॉबर आमच्या वस्तीत आला. वस्तीत! नाकाला उपरणं नव्हतं. म्हणाला, "तुला माग पायजे व्हता की. उद्या ये. तुजी मानसंबी आन."

तो गेला आणि शिवाप्पा आला, बरोबर दोघं. बायकोनं पाणी पुढं केलं. तहान नाही म्हणाला. ओठ वाळले होते त्याचे. मला म्हणाला, "भाऊ, उद्या आत जाऊ नका. आपन समदे कामगार एक हाय." कामापुरता मामा ऐकला होता. मी कामापुरता भाऊ झालो.

बायको माझ्याकडं बघत होती. घरात पीठ नव्हतं. उद्या आत गेलो तर माग मिळणार होता, ज्याच्यासाठी गटारीत हात घातला तोच माग. पण आज शिवाप्पाला काढायला मी लागतो, उद्या मला काढायला शिवाप्पा लागेल. साहेबाला काय, कुणीतरी बाहेर भुकेला उभा असला की झालं.

पहिल्यांदाच मी त्याला धनी म्हटलं नाही. म्हटलं, "शिवाप्पा, जॉबरच्या हाकंवर आमी आत जानार न्हाय. पन उद्या गेटावर समद्यांम्होरं बोला, की म्हारबी माग चालवनार. बोललात तर तुमच्यात हुबं ऱ्हातो."

"ते मागनं बघू," तो म्हणाला.

"मागनं न्हाय."

तो पाणी न पिताच गेला. सकाळी गेट उघडलं. एका बाजूला संपवाले, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कडेला आम्ही वस्तीतली माणसं. बायको पोराला कडेवर घेऊन पुढं उभी. जॉबरनं मला नावानं हाक मारली. आमच्यातलं कुणी हललं नाही. शिवाप्पा सगळ्यांपुढं बोलायला उभा राहिला, मागांचं बोलला, पोटाचं बोलला, आमचं नाव घेतलं नाही. आम्ही त्यांच्यातही गेलो नाही. ऊन चढलं. पोर रडून रडून झोपलं.

तिथं उभ्या उभ्या माझं ठरलं. गावकीची टोपली माझ्या घरात येणार नाही. मालकानं हाक मारली म्हणून मी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन आत जाणार नाही, आणि कुणी भाऊ म्हटलं म्हणून गप्पही बसणार नाही. यंत्रं येतील तेवढी येऊ द्या. त्यातून जेवढं काम उरेल त्यात माझा वाटा आहे. तो मी मागत नाही. तुम्हाला सांगतोय.