सगळे हसले होते

अवसरी बुद्रुकचे बाळासाहेब दूध संकलनाच्या टेम्पोवरून सुरुवात करून मंचरच्या एका डेअरी कंपनीचे कार्यकारी संचालक झाले. माणूस धडाडीचा. ठरवलं की करणारच, अशी त्यांची ख्याती, आणि त्यांनाही ती आवडायची.

भीमाशंकरला श्रावणात पेढ्यांची दुकानं टाकायची, ही कल्पना त्यांचीच. बैठकीत उत्पादन विभागाच्या प्रमुख नूतनताई म्हणाल्या, "साहेब, श्रावणात वर सगळं ओलंचिंब असतं. माल टिकायचा नाही. आधी थोडा पाठवून बघू."

"ताई, पावसाची एवढी भीती वाटत असंल तर तुमी घरीच बसा," बाळासाहेब म्हणाले. सगळे हसले. विषय मंजूर झाला.

श्रावणात पेढ्यांना बुरशी धरली. गिऱ्हाइकांनी उघडलेले पुडे दुकानावर आणून आदळले. देवाचा प्रसाद नासका निघाला, हे बोलणं तालुकाभर झालं.

पुन्हा बैठक बसली. बाळासाहेब तावातावाने म्हणाले, "एवढी अनुभवी माणसं तुमी. एकालाही आधी सांगावंसं वाटलं न्हाई?"

कुणी मान वर करेना. शेवटी खरेदी सांभाळणारे दादाभाऊ हळूच बोलले, "ताई बोलल्या व्हत्या, साहेब. आपण हसलो."

बाळासाहेबांना काही आठवेना. मग आठवलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. चुकलो त्याहून, आपण ते साफ विसरून गेलो, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

बैठक संपल्यावर ते नूतनताईंच्या केबिनमध्ये गेले. "माझं चुकलं, ताई."

"हसलात त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यानंतर मी बैठकीत तोंडच उघडलं नाही. ते तुमच्या ध्यानातही आलं नाही."



तेव्हापासून बाळासाहेब बैठकीत सगळ्यांत शेवटी बोलू लागले. सुरुवातीला माणसं त्यांच्या मनातलं ओळखून तेवढंच बोलत. ही सवय आपणच लावली, हे कळून ते खजील होत.

दिवाळीनंतर निमगाव सावाला नवं शीतकरण केंद्र काढायचा विषय निघाला. नूतनताई म्हणाल्या, "मला हे पटत नाही."

बाळासाहेबांचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं होतं. सगळे आपला चेहरा वाचतायत, हे त्यांना जाणवलं. त्यांनी नजर टेबलावर खिळवली आणि म्हणाले, "सांगा, ताई. सगळं सांगा."