मिस्त्रीच्या शटरवरची लिंबू-मिरची

दसऱ्याला चिखलीच्या मिस्त्रीने बाबांच्या जुन्या जीपमध्ये देवाच्या फोटोसमोर छोटा दिवा बसवून दिला. तेव्हापासून गाडीचा फ्यूज उडायला लागला. मी तीनदा त्याच्याकडे गेले. तिन्ही वेळा त्याने नुसता फ्यूज बदलला, आणि शेवटी गिऱ्हाइकांदेखत गाडीला लिंबू-मिरची बांधली. "नजर लागली ताई. बाईमानसाले वायरिंगमधलं काय समजते?"

माझं डोकंच सणकलं. घरी येऊन मी स्वतः हात पोचेल तेवढं वायरिंग नवं टाकलं, तरी फ्यूज उडालाच. मग फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. वायरीत कुठं शॉर्टसर्किट असेपर्यंत तो भक्क पेटलेला राहणार होता. एकेक वस्तू सोडवत गेले. दिव्याचा लांबलचक स्क्रू उपसला आणि बल्ब विझला. त्याचं टोक डॅशबोर्डच्या मागे थेट वायरीत घुसलेलं होतं.

बाजाराच्या दिवशी गॅरेज भरलेलं पाहून गेले. जीपची लिंबू-मिरची सोडली, त्याच तारेत स्क्रू अडकवला आणि ती त्याच्या शटरला बांधली.

"हे काय ताई?"

"तुमच्याच हातचा स्क्रू हाय, मिस्त्री. माह्या वायरीत घुसला होता," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ज्याले इथं गाडी द्याची हाय, त्यानं पहिले याचं दर्शन घ्यावं."