चिठ्ठी मालकाच्या हातची

पूर्वाचा फोन आला तेव्हा मी चंदीगडला सेक्टर ४३ च्या बस स्टँडवर दिल्लीहून येणाऱ्या भाचीची वाट पाहत उभी होते. पूर्वा म्हणजे वसंत कदमांची मुलगी. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. इथे वाढलेल्या बहुतेक मराठी मुलांचं तसंच आहे. "मावशी, पापा नहीं रहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सुबह दुकान खोल रहे थे..." मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. भाचीची बस लागली, ती उतरली, तिनं मला मिठी मारली, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती, की कदमांशी असलेलं भांडण मिटवायचं राहिलं ते आता राहिलंच. सहा वर्षं मी या माणसाशी धड बोलले नव्हते. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण माझा दुर्गुण झाकून ठेवला तर कदमांचा निम्मा गुण झाकला जाईल, म्हणून दोन्ही सांगते. आता त्यांना जाऊन महिना होत आला.

कदम मूळचे कराडकडचे. हवाई दलात रडारच्या दुरुस्तीचं काम करत करत शेवटी चंदीगडला आले, निवृत्ती घेतली आणि इथेच राहिले. सेक्टर २२ मध्ये एका स्वेटरच्या दुकानाच्या वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. बाजार नुकता खुला झाला होता आणि कचेऱ्यांतले कॉम्प्युटर हळूहळू लोकांच्या बैठकीत येऊन, भरतकाम केलेल्या झाकणाखाली बसू लागले होते. ते दुरुस्त करणारे गल्लोगल्ली होते. पण हार्डडिस्क गेली की सगळे हात वर करायचे आणि म्हणायचे, "कदमजी के पास ले जाओ." मीही तशीच गेले, विद्यापीठातल्या आमच्या भूगोल विभागाची बंद पडलेली डिस्क पिशवीत घालून. कदमांनी आधी मला एक मेलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी लखलखीत चकती होती. "बघा की ताई, ह्याच्यावर असतंय सगळं. धुळीचा एक कण पडला तरी खेळ खलास. म्हणून जिवंत डिस्क मी उघडत नाही आणि कुणाला उघडू देत नाही." दुरुस्तीच्या दुकानात मला कुणी असं समजावून सांगत बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांची एक विचित्र पद्धत होती. डिस्क हातात घेण्याआधी ते गिऱ्हाइकापुढे कागद-पेन सरकवत आणि सांगत, "ह्यात काय होतं ते लिहून द्या. मालकाच्या हातचं पाहिजे." कुणी लिहून आणलेलं चालत नसे, नोकराबरोबर धाडलेलं तर मुळीच नाही. लोक वैतागत. एकदा माझ्यासमोर एक सरदारजी फोटोग्राफर आला होता. त्यानं बाकावर बसून दोन पानं भरली: कुणाकुणाची लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, पासपोर्टचे फोटो. कदमांनी ती पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "इनमें से एक ही मिला तो?" सरदारजी बराच वेळ पगडीवरून हात फिरवत बसला. मग यादीत नसलेलीच गोष्ट बोलला, "बस दारजी दी फोटो कढ दे यार." दारजी म्हणजे त्याचे वडील. कदमांनी तेवढं एकच नाव चिठ्ठीच्या डोक्यावर लिहून घेतलं आणि कामाला लागले. त्यांच्या कपाटात तऱ्हेतऱ्हेच्या मेलेल्या डिस्क रचलेल्या असत. त्यातली त्याच जातीची शोधून तिचं सर्किट आजारी डिस्कला लावायचं, ती तासभर तरी चालेल एवढी धुगधुगी आणायची आणि चिठ्ठीत पहिलं असेल ते पहिलं बाहेर काढायचं. फोटो निघाला. सरदारजीने दुकानात लाडूंचा डबा आणून ठेवला, त्यातले दोन मीही खाल्ले.

माझे वडील गेल्यावर मी आईला सांगलीहून इकडे आणलं. मी एकटी, नोकरी इथे, दुसरं काय करणार होते? आई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. हिंदी येईना, शेजारणींशी खुणांनी बोलून कंटाळली, आणि थंडीत कानटोपी घालून खिडकीपाशी बसून राहायची. विभागाची डिस्क परत घ्यायला गेले तेव्हा तिला बरोबर नेलं. कदमांना सांगलीचं माणूस भेटलं, आईला कराडचं. मी उभी राहिले ती राहिलेच, दोघांचं कृष्णाकाठच्या वांग्यांवर सुरू झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात कदम घरी आले, आमच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं घातली, कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर बाराखडीच्या चिकट पट्ट्या लावल्या आणि आईला खुर्चीत बसवलं. तेव्हापासून रोज दुपारी आई लिहायची. काय लिहितेस म्हटलं तर, "माझं आहे," एवढंच. मी खोलीत आले की पडदा काळा करायची. तेही तिला कदमांनीच शिकवलं होतं.

एव्हाना कदम मेलेल्या डिस्कमधून नाना वस्तू करू लागले होते. चकत्यांची भिंतीवरची घड्याळं केली, वाऱ्यावर किणकिणणारी झुंबरं केली. आतली चुंबकं तर त्यांनी इतकी वाटली, की चंदीगड-मोहालीतल्या कुठल्याही मराठी घरात फ्रिजवरची यादी कदमांच्या चुंबकाखालीच असायची. काढताना बोट चिमटायचं. आई तिच्या चुंबकाने पडलेल्या सुया शोधायची. मुल्लानपूरच्या एका मित्राच्या पेरूच्या बागेत कदमांनी पोपट हुसकायला चकत्या टांगल्या होत्या. पोपट आठवडाभर घाबरले आणि मग त्यात आपलं तोंड बघू लागले, असं ते स्वतःच हसत सांगत. एका वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीमागे त्यांनी चकत्यांची प्रभावळ केली. समईच्या उजेडात ती अशी झळाळली, की सगळे बघत राहिले. फक्त एक वयस्कर बाई म्हणाल्या, "देवामागे भंगार?" कदम गंभीरपणे म्हणाले, "स्पिरिटनं पुसलंय सगळं." त्यावर आमची आई मागून कडाडली, "अहो, देवाची भांडी तरी जुनं पितळ वितळवूनच करतात की!"

मग आईचं विसरणं सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ. मला मावशीच्या नावाने हाक. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात आमची डिस्क टक टक आवाज करून बंद पडली. आईचं चार-पाच वर्षांचं लिखाण त्यात होतं. तिच्या डोक्यातून जे पुसलं जात होतं ते आता फक्त त्या डिस्कमध्येच राहिलं होतं. मी धावत कदमांकडे गेले आणि चिठ्ठी लिहायला कागद ओढला. त्यांनी तो परत घेतला. "मालक आजी आहेत. त्यांनी लिहू दे." मी म्हटलं, अहो, तिला सकाळचं जेवण आठवत नाही! "असू द्या की. जेवढं आठवेल तेवढं." तीन दिवस दुपारी मी आईला तिथे सोडून वर्गावर जात होते. ती कॅनव्हासचे बूट घालून, कठडा धरत तो जिना चढायची आणि कदमांच्या टेबलाशी बसायची.

आठवड्याने कदमांनी मला एक सीडी दिली. "चंदीगडचं तेवढं काढलंय," ते म्हणाले. "सांगलीचं, लग्नाचं, जुनं... ते काढलं नाही." निघालं नाही का, मी विचारलं. कदमांना खोटं बोलता येत नसे. "निघालं असतं. चिठ्ठीत होतं, काढू नका म्हणून. चकत्या मी घासून टाकल्या." मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. मी त्यांना काय काय बोलले! विसरभोळ्या म्हाताऱ्या बाईच्या चिठ्ठीवर तुम्ही तिचा सगळा जन्म पुसून टाकलात, म्हटलं. तुमची ही पद्धत म्हणजे नुसता तोरा आहे, म्हटलं. माझ्या आईच्या गोष्टी माझ्या होत्या, म्हटलं. कदम मान खाली घालून उभे होते. त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, त्यामुळे मी आणखीच पेटले. सीडी विद्यापीठात लावून पाहिली तर अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. मराठी अक्षरं त्या यंत्रात घातलेली नव्हती, एवढंच कारण. पण मला ते कुठून सुचायला? हेही बिघडवलं, असं म्हणून मी ती कप्प्यात फेकली. आईला विचारलं तर ती हसून म्हणाली, "कसलं गं लिखाण?" मी ते तिच्या आजारावर ढकललं.

दोन वर्षांनी आई गेली. कदम आले, स्मशानातून सगळे परतेपर्यंत एका बाजूला उभे राहिले, आणि जाताना "येतो ताई" म्हणाले. मी मान हलवली. पुढे गणपतीत दिसले की ते नमस्कार करायचे, मी आरतीचं पुस्तक चाळायची. लोक आता बिघडलेलं टाकून नवं घेऊ लागले होते. त्यांच्या जिन्यावरची वर्दळ कमी झाल्याचं कानावर येत होतं. एकदा वर जावं असं कितीदा वाटलं. पण आधी त्यांनी माफी मागावी, हा माझा हेका. आपण बरोबर आहोत याची एकदा खात्री झाली, की मी जागची हलत नाही. विद्यार्थ्यांना विचारा.

तेराव्यानंतर मी सुनंदाला, म्हणजे कदमांच्या बायकोला, भेटायला गेले. जाताना ती सीडी का उचलली, मला सांगता येणार नाही. सुनंदाने पाणी दिलं आणि ती म्हणाली, "ताई, एक सांगू? आता तेही नाहीत, आजीही नाहीत. मी कशाला ठेवू मनात?" आईने चिठ्ठी लिहिली त्या दुपारी सुनंदा चहा द्यायला पुढे दुकानात आली होती. "आजी अगदी शुद्धीवर होत्या. तीन दिवस त्यांनी काही आठवण्यात घालवले नाहीत, काय ठेवायचं ते ठरवण्यात घालवले. म्हणाल्या, लग्नानंतरचं सगळं लिहून काढलं, मोकळी झाले. ते वाचलं तर मुलीला तिच्या वडिलांचं तोंड आठवणं नको होईल. तिचा जीव आहे त्यांच्यावर, तो असू दे. मग ह्यांना म्हणाल्या, मुलगी चिडेल हो तुमच्यावर. फार चिडेल. चिडू द्याल का?" सुनंदाने पदराने डोळे टिपले. "हे म्हणाले, पक्कं, आजी. तेवढंच. मी कितीदा म्हटलं ताईंना सांगून टाका. तर म्हणायचे, शब्द दिलाय."

सहा वर्षं ते माझा राग झेलत उभे होते, आणि मी त्यांना तोऱ्याचा माणूस समजत होते... पूर्वा माझ्या हातातली सीडी बघत होती. "मावशी, यह पापा के कंप्यूटर पर खुल जाएगी. उसमें पुराना मराठी फॉन्ट है," ती म्हणाली आणि तिने मला पुढच्या खोलीत नेऊन त्यांच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची बरीच खाली होती. कदम उंचीने बेताचे. पडद्यावर एकेक ओळ स्वच्छ मराठीत उमटली आणि पूर्वा दार लोटून निघून गेली. पहिल्याच पानावर आईने लिहिलं होतं: "आज यंत्रावर हात बसला. कदमांना म्हटलं, उद्या मुलीने हे उघडून वाचलं तर? ते म्हणाले, आजी, फाईल तुमची आहे, तुम्ही म्हणाल तसं. लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. सांगलीचं घर बंद करून इकडे आणलं तेव्हाही नाही. लेकीचा दोष नाही, ती घाईत असते. पण तुमचं काय म्हणणं आहे, असं मला विचारणारा हा पहिलाच माणूस."

मी ते तीनदा वाचलं. मग त्या रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "कदम, माझं चुकलं हो." मागच्या खोलीतून सुनंदाने विचारलं, "काय म्हणालात, ताई?" काही नाही, असं म्हणणार होते, जिभेवर आलंही होतं. मग मी उठले, आत गेले, आणि तिच्यासमोर उभी राहून तेच पुन्हा म्हणाले.