दार तोडल्याचा दावा

आम्ही आंटीजींचं दार तोडलं, ही गोष्ट खरी आहे. कोर्टातही आम्ही ती कधी नाकारली नाही.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. बरीच वर्षं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि मग गाझियाबादला फ्लॅट घेतला. घरात मी, नवरा आणि सासूबाई. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळी सोसायटी त्यांना आंटीजी म्हणायची. सासूबाईंचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं आणि आंटीजींना मराठीचा एक शब्द येत नव्हता, तरी दोघी दुपारी आमच्या बाल्कनीत भाजी निवडत तासन्‌तास बोलत असायच्या.

हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, त्यांची दुधाची पिशवी अजून दारालाच लटकतेय." मी जाऊन बेल वाजवली. उत्तर नाही. दाराला कान लावला तेव्हा आतून कण्हल्यासारखा आवाज आला. गुरुग्रामला राहणारा त्यांचा भाचा हाच काय तो जवळचा नातेवाईक. त्याला फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग नवऱ्याने खालून गार्डला बोलावलं, कुठूनशी एक लोखंडी पहार आणली आणि दोघांनी मिळून दार उचकटलं. दार जुनं, जड, शिसवीचं, त्यांच्या वडिलांच्या घरचं आणून बसवलेलं होतं. चौकटीसकट फाटलं.

आंटीजी बाथरूमच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. अंग बर्फासारखं गार. "आ गए तुम लोग," एवढंच म्हणाल्या. आम्ही त्यांना सतरंजीवर घेतलं तेव्हा त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, संध्याकाळी भाचा आला, आमचे हात धरून रडला आणि पुढे डिस्चार्ज मिळाल्यावर त्यांना गुरुग्रामला घेऊन गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी समन्स आलं. दावा आंटीजींच्या नावाने होता. आम्ही परवानगीशिवाय घरात घुसलो, वडिलोपार्जित दाराची नासधूस केली आणि रुग्णाला अडाणीपणाने उचलल्यामुळे मोडलेलं हाड जास्तच सरकलं, म्हणून नुकसानभरपाई हवी.

दाराचं मला काही वाटलं नाही. पण हाडाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सतरंजीची एक बाजू मीच धरली होती. ते ओरडणं मला स्वयंपाक करताना, मेट्रोत, ऑफिसात फाइल उघडी असताना ऐकू यायला लागलं. खरंच माझ्याच हातून काही झालं असेल तर?

आमच्या वकीलबाई मूळच्या परभणीकडच्या. यूपीएससीसाठी दिल्लीला आल्या आणि वकील होऊन इथेच राहिल्या. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, "काकू, यात काही दम नाही. हाड पडल्यामुळे मोडलं, असं डॉक्टरच सांगतील. पण एक गोष्ट पाळा. समोरच्या पार्टीशी कुणीही बोलायचं नाही."

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. लिफ्टमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, "देखा? इसीलिए हम किसी के लफड़े में नहीं पड़ते." त्या दिवशी मला त्यांचा राग आला. पण पुढच्याच आठवड्यात बागेत एक मूल सायकलवरून पडलं, मी पुढे केलेला हात मागे घेतला आणि त्याची आई कुठे दिसते का ते बघायला लागले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "हे असं व्हायला नको आपलं."

तारखा पडत राहिल्या. कधी कोर्टात संप, कधी त्यांचे वकील गैरहजर. आंटीजी एकदाही दिसल्या नाहीत. सगळ्यात जास्त ते लागत होतं. ज्यांच्यासाठी धावलो त्यांनीच सही केली होती.

एके दिवशी ऑफिसातून घरी आले तर सासूबाई फोनवर जोरजोरात बोलत होत्या. पलीकडे कोण आहे ते मला त्यांच्या हिंदीवरूनच कळलं.

"आप गिरे तो हम आए ना? फिर हमकोच कोर्ट में क्यूं खेचा?"

मी हातवारे करत होते, ठेवा, ठेवा. त्यांनी सगळं बोलून झाल्यावरच फोन ठेवला. "वकीलबाईंनी काय सांगितलं होतं, आई?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते तुम्हाला सांगितलं होतं. दावा तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही. मी शेजारीण आहे, मी तब्येत विचारणारच." मग म्हणाल्या, "तिला यातलं काही माहीत नाही गं. रडत होती बिचारी."

पुढच्या तारखेला आंटीजी आल्या. वॉकर घेऊन, भाच्याबरोबर, अंगावर धुतलेली पांढरी शाल. भाच्याचा चेहरा उतरलेला होता. जज मॅडमनी त्यांना बसूनच बोलायला सांगितलं, तरी त्या उठून उभ्या राहिल्या. वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मैडम, मुझसे कहा गया था कि ये अस्पताल के बीमे के काग़ज़ हैं. मैंने बिना पढ़े दस्तख़त कर दिए. ज़िंदगी भर बच्चों को डाँटती रही कि पढ़कर लिखो, और ख़ुद नहीं पढ़ा. दरवाज़ा इन्होंने तोड़ा, क्योंकि मैं बुला रही थी."

जज मॅडमनी भाच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि त्याला खडसावलं. त्याच दिवशी दावा मागे घेतला गेला. बाहेर व्हरांड्यात आंटीजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मला रडू आवरलं नाही. हाडाबद्दल मी त्यांना तिथेच विचारलं. त्या म्हणाल्या, "पगली, मैं तो गिरते ही समझ गई थी कि टूट गई."

आंटीजी हट्टाने आपल्या फ्लॅटमध्ये परत आल्या. गप्पांत असं निघालं की त्यांचं माहेर पानिपतचं. सासूबाईंना तिथलं काला अंब, पानिपतच्या लढाईत पडलेल्या मराठ्यांचं स्मारक, बघायचं कधीचं मनात होतं. आंटीजींनी भाच्याला फोन करून गाडी घेऊन बोलावलं. विनंती नव्हती ती, शिक्षाच होती बहुतेक. तो मुकाट्याने आला.

आम्ही बायका आणि तो, असे निघालो. काला अंबला स्मारकापाशी कोवळं ऊन होतं. सासूबाईंनी चपला काढून हात जोडले, आंटीजींनीही त्यांच्या शेजारी उभं राहून जोडले. भाचा आणि मी जरा मागे थांबलो होतो.

"उस दिन मेरा फोन बंद था," तो एकदम म्हणाला. "सारे रिश्तेदार पूछ रहे थे, तू कहाँ था. जवाब नहीं था मेरे पास. फिर किसी ने कहा कि पड़ोसियों ने ग़लत उठाया होगा. मैंने वही पकड़ लिया." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माफ़ कर दीजिए, दीदी."

एवढे महिने ज्याच्यावर मनातल्या मनात दात खाल्ले, तो माणूस घाबरलेला होता, एवढंच. आज विचार करते तेव्हा राग फारसा आठवत नाही. उलट स्वतःहून फोन लावणाऱ्या सासूबाई आठवतात आणि भर कोर्टात स्वतःची चूक सांगणाऱ्या आंटीजी. त्या दोघी नसत्या तर मी उरलेलं आयुष्य हात मागे घेत काढलं असतं. एवढं मोठं काही त्यांनी मला परत दिलं, हे त्यांच्या गावीही नाही.

तेवढ्यात सासूबाईंनी वळून हाक मारली, "अगं, त्याला विचार, इथे चहा कुठे मिळतो?" तो म्हणाला, "हायवे पर अच्छा ढाबा है, आंटी," आणि पुढे होऊन गाडीचं दार उघडून उभा राहिला.