ओटा किती उंच ठेवायचा

आधीच सांगून ठेवतो: मी नागपूरच्या बौद्ध घरातला, वरून मेंटेनन्स इंजिनिअर. आमच्याकडे लहान मुलाची दृष्टसुद्धा काढत नाहीत. कुणी भुताखेतांचं सुरू केलं की 'वायर लूज असेल, बघून घ्या' म्हणणारा मी माणूस. बायकोच्या भाषेत फटकळ. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं डोकं खाजवून काही हाती लागलेलं नाही… तुम्ही बघा.

२००३ च्या आसपासची गोष्ट. मी ओमानमध्ये रुसैलच्या एका कारखान्यात होतो आणि कंपनीच्या खोलीत चौघांत राहून वैतागलो होतो. शेवटी माबेल्यात घर मिळालं. मालक ओमानी, आम्ही त्यांना अर्बाब म्हणायचो. घर त्यांनी मुलासाठी बांधलेलं, पण मुलगा नोकरीसाठी सोहारला गेला आणि घर तसंच पडून राहिलं. म्हणजे माझ्याआधी तिथे कुणी राहिलंच नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांना पहिली शंका तीच येते.

त्यांच्या पद्धतीप्रमाणे खरा स्वयंपाक अंगणातल्या वेगळ्या खोलीत. आतल्या किचनमध्ये नुसतं एक सिंक, आणि बाथरूममध्ये हा मोठा बाथटब. अर्बाब म्हणाले, "तुझंच घर समज, हवं तसं करून घे."

माझी बायको विशाखा तेव्हा नागपूरला शाळेत शिकवत होती. वर्ष संपलं की येणार होती. तोवर सगळे निर्णय फोनवर. टब काढायचा हे लगेच ठरलं. ("त्याच्यात काय म्हशी धुवायच्या?") बाथरूमला उंच उंबरा हवा, पाणी बाहेर यायला नको, हेही ठरलं. पण ओट्यावर मात्र ती अडून बसली. ती चांगली उंच, आणि माहेरचा ओटा बुटका. "वाकू वाकू पाठ गेली बापा माझी! मला उंच ओटा पाहिजे, सांगून ठेवते."

काम हनीफभाई नावाच्या राजस्थानी मिस्त्रींना दिलं. वयस्क माणूस, कामाशी काम. दिवसभर ते एकटेच असायचे. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

एका संध्याकाळी ड्युटीवरून आलो, बघतो तर ओटा माझ्या मांडीला लागतोय!

"हे क्या किया?"

"मॅडम ने बोला, साब."

"कौन मॅडम?"

"आपकी मॅडम. कुर्सी पे बैठी थीं. हाथ से दिखाया, यहाँ तक रखो."

घरात खुर्ची नव्हती. सिमेंटच्या गोण्या होत्या आणि एक रंगाचा डबा. आणि माझी मॅडम नागपूरला पेपर तपासत बसलेली! अर्बाबच्या घरचं कुणी आलं असेल म्हणून त्यांना फोन केला. ते हसले, म्हणाले आमच्याकडचं कुणी तिकडे फिरकलेलं नाही. हनीफभाईही मान हलवत होते. "नहीं साब, अरबी नहीं. आप लोगों जैसी हिंदी बोलती हैं."

उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मनात म्हटलं आणि ओटा फोडायला लावला.

थोड्या दिवसांनी बाथरूमचा उंबरा गायब. चौकट उखडलेली, बाजूची भिंत फोडून दार चांगलं रुंद केलेलं. विचारलं तर तेच. मॅडम पुन्हा आल्या होत्या.

आता मात्र माझं टाळकं सटकलं. त्या रिकाम्या किचनमध्ये उभा राहून ओरडलो, "इस घर का मॅडम मैं है! मेरे सिवा किसी का सुनना नहीं. खलास!" हनीफभाईंनी वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते एकटे येईनात. सोबत एक माणूस घेऊनच आत पाऊल टाकायचे.

सगळं आमच्या मनासारखं झालं. ओटा उंच, दार अरुंद, उंबरा भक्कम. विशाखाला यातलं अक्षरही सांगितलं नाही. पहिल्यांदा परदेशात येणार, कशाला घाबरवायचं?

ती आली आणि ओट्यासमोर ताठ उभी राहून म्हणाली, "याला म्हणतात ओटा!" वर्षभर छान गेलं. तिला इथेच शाळेत नोकरी लागली. मग एका दुपारी ती मैत्रिणीच्या गाडीतून घरी येत असताना ट्रकने बाजूने धडक दिली. मैत्रीण वाचली. विशाखाही वाचली, पण पाठीचा मणका गेला. ऑपरेशनं झाली आणि ती व्हीलचेअरवर घरी आली.

हॉस्पिटलात ती रडली नव्हती. घरी रडली. हौसेने करून घेतलेल्या ओट्यावर पातेल्यात काय शिजतंय, ते तिला दिसेना. बाथरूमच्या दारात चेअर अडकायची, मग तिला उचलून उंबऱ्यापलीकडे न्यावं लागायचं. "मला असं उचलत नका जाऊ हो," म्हणायची. मला ते सहन व्हायचं नाही.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. तिला एवढंच म्हटलं, की एक मिस्त्री येतील. हनीफभाई किचनच्या दारापर्यंत आले आणि थबकले. चेहरा पांढराफटक. मी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

विशाखाने चेअर पुढे घेतली, हात हवेत धरला. "यहाँ तक रखो." मग त्यांच्याकडे बघून अगदी सहज म्हणाली, "हनीफभाई, इस बार साब की मत सुनना."

त्यांचं नाव मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर ती माझ्याकडेच बघायला लागली. "मी? मी तर नुसतं माप दाखवलं."

जाताना हनीफभाईंनी मला गेटबाहेर नेलं.

"साब, एक बात उस टाइम बोला नहीं. आप गुस्से में थे. मॅडम दोनों बार पूछती थीं, साब कब आएँगे? मैं बोला, शाम को. तो बोलीं, मैं रुकती हूँ… उनको बताना है."

आता आम्ही नागपूरला असतो. विशाखा बुटक्या ओट्याशी बसून स्वयंपाक करते, माझ्यावर खेकसते, बरी आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, "मला काय माहीत? मी तर तेव्हा इथे होते."

मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला आता फारसं वाटतही नाही. पण ओट्याचं आणि दाराचं तर ती मिस्त्रींना सांगून मोकळी झाली होती. मग माझ्यासाठी थांबून तिला काय सांगायचं होतं? त्या दुपारी मला गाडीत बसू देऊ नका, एवढंच ना? दोन्ही संध्याकाळी मी घरी आलो होतो. तिला बोलता आलं नाही, की बोलली आणि मला ऐकू आलं नाही, कोण जाणे.