किसनभाऊंच्या गाडीची साखळी

किसनभाऊ गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. रिसोडच्या आमच्या गल्लीत तो आधी किसनभाऊंच्या दारात जाई, मग समोर माझ्याकडे येई. त्या सकाळी भरलेलं माप हातात तसंच धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, भाऊ उठून नाई राह्यले..." मी गेलो. भिंतीकडे तोंड करून ते निजलेले होते, चेहऱ्यावर त्रास असा काही दिसत नव्हता. एकुलती मुलगी नलू भिलाईला. तिला तार केली. ती येईपर्यंत माणसं येत होती, चपला काढून टेकत होती, उठून जात होती. मी मात्र तिथंच बसून होतो. चार वर्षं रोज संध्याकाळी त्या घरात जात होतो, पण तिथं एकट्यानं बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

किसनभाऊ आधी एका जिनिंगवाल्या शेठजींच्या गाडीवर ड्रायव्हर होते. शेठजी वारले, मुलं मुंबईला गेली, तेव्हा ती जुनी काळी गाडी किसनभाऊंनीच विकत घेतली आणि भाड्यानं चालवू लागले. पोहरादेवीची यात्रा असो, कोणाला वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं असो, लोक त्यांच्याच दारात येत. लग्नसराईत तर विचारायलाच नको. गावातल्या किती नवऱ्या त्यांच्या गाडीत बसून सासरी गेल्या! जातीपातीचं तिथं कोणी काढत नसे. एरवी विहाराकडच्या आमच्या वस्तीत पाणी न पिणारी माणसंही लग्न ठरलं की "भाऊ, तारीख मोकळी ठेवा" म्हणत त्यांच्या ओट्यावर चहा घेऊन जात. बायको गयाबाई गेली, मागोमाग नलूचं लग्न झालं, आणि मग घरात उरले ते आणि दारात गाडी.

एका दिवाळीनंतर गाडी सकाळी सुरू करताना पुढून खडखड आवाज येऊ लागला. किसनभाऊ मला सोबत घेऊन वाशीमच्या हमीदमिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीनं बॉनेट उघडून कान लावला. "टायमिंगची साखळी ढिली झाली, भाऊ. इंजिनातले दोन भाग हिच्यामुळं एका तालात चालतात. हे आताच बदला. इंजिन खोलाव लागंन, साखळी नागपुराहून येईन, पंधरा दिवस गाडी माह्यापाशी ठेवा. तुटली तं संगं व्हॉल्व्ह वाकवून जाईन, मंग खर्च दुप्पट-तिप्पट."

"लगीनसराई झाली की आणतो," किसनभाऊ म्हणाले.

परतताना मी म्हटलं, "पैशाची अडचण असेल तर सांगा."

"पैसे हायेत, मास्तर."

"मग काहून थांबले?"

त्यांनी गिअर बदलला. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "पंधरा दिवस दारात गाडी नसली तं माह्या दारात येईन कोन?"

मी तर रोज येत होतो... पण ते काय म्हणत होते, हे मला समजलं होतं.

वैशाखात माझी एक विद्यार्थिनी, शांता, सासरी निघाली. आसेगावच्या अलीकडचं गाव. मागच्या सीटवर नवरा-नवरी आणि पाठराखीण, पुढे किसनभाऊंजवळ मी. वऱ्हाडाचा ट्रक आमच्या मागून येत होता. गाव दिसू लागलं होतं, वाजंत्री वेशीवर येऊन वाजत होती, आणि इंजिनात काहीतरी कडकडलं नि गाडी जागेवर थांबली. किसनभाऊंनी बॉनेट उघडलंही नाही. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसले.

ट्रकमधली माणसं उतरली. नवऱ्याचा चुलता तोंडाचा फटकळ होता. "वेशीवरच गाडी बंद पडली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पोरीचा पायगुन आत्ताच दिसला म्हना!" शांतानं पदरात तोंड लपवलं. दोन-चार बायका हळूच माना हलवू लागल्या. असं एक वाक्य लग्नाच्या दिवशी कपाळी आलं की ते जन्मभर पुसलं जात नाही, हे खेड्यात कोणाला सांगावं लागत नाही.

किसनभाऊ खाली उतरले. अंगानं किरकोळ माणूस, पण आवाज असा लागला की वाजंत्री थांबली. "पायगुन-बियगुन काई नाई, बापू. गाडी माही, साखळी माही, खोट माही. मिस्त्रीनं दिवाळीनंतरच सांगतलं होतं बदला म्हून. मी नाई बदलली. हे मास्तर होते संगं, विचारा त्याईले. तुमच्या लेकरायले मी तसल्या गाडीत बसवून आनलं. शिव्या द्याच्या तं मले द्या. पोरीले कायले?"

मी "खरं आहे" एवढंच म्हणालो. मग शिव्या मिळाल्या, भरपूर मिळाल्या. पण त्या सगळ्या किसनभाऊंना मिळाल्या. शांता बैलगाडीतून, वाजतगाजत घरात गेली.

हमीदमिस्त्रीचं म्हणणं खरं ठरलं. व्हॉल्व्ह वाकले होते, खर्च दोन लग्नसरायांच्या कमाईइतका झाला, आणि गाडी पावसाळाभर वाशीमला पडून राहिली. परत आली तेव्हा इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं. पण किसनभाऊंनी भर रस्त्यात स्वतःच्या तोंडानं सांगितलेली गोष्ट पंचक्रोशीत पोचली होती. खराब गाडीत जाणूनबुजून नवरी बसवणारा माणूस! ओटा रिकामा झाला. पुढची लग्नं जीपमधून आणि मेटॅडोरमधून झाली. किसनभाऊ संध्याकाळी गाडी पुसून ठेवत, आणि आम्ही दोघं न बोलता बसत असू. एकदा मी म्हटलं, "तेव्हा गप्प राहिले असते तर?" ते म्हणाले, "मंग तिच्या घरी कोन गेलं असतं, मास्तर? आपल्याले सवय हाये."

त्यांच्या जाण्याआधी काही दिवस शांताचा नवरा आला होता. तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायची होती, आणि ती म्हणाली होती, भाऊंच्याच गाडीत येईन. किसनभाऊंनी तिला आणलं. भाडं घेतलं नाही. त्या संध्याकाळी ते बराच वेळ बोलत राहिले... रस्त्याचं, कपाशीचं, तिला लागलेल्या डोहाळ्यांचं.

नलू दिवसकार्य उरकून निघायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "काका, जरा गाडीत बसू का?" मी दार उघडून दिलं. ती मागं बसली, मी पुढं. "मी सासरी निघाले तवा बाबाच गाडी चालवत होते," ती म्हणाली. "स्टेशनापर्यंत एकदाबी मागं वळून पाह्यलं नाई त्याईनं. मले लई राग आला होता."

मी किसनभाऊंच्या जागेवर बसलो होतो. मला गाडी चालवता येत नाही. सहज वरच्या आरशाकडे पाहिलं. तो खाली वळवलेला होता. त्यात मागचा रस्ता दिसतच नव्हता. फक्त मागची सीट दिसत होती, आणि तिच्यावर बसलेली नलू.

"नलू," मी म्हणालो, "जरा इथं वर बघ."