गावाला चालेल असा प्रिंटर

मी गाव सोडलं त्या दिवशी खेडच्या स्टँडवर आबा माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला आधी गाडीत चढले आणि कंडक्टरनं त्यांनाच तिकीट विचारलं. आबा प्राथमिक शाळेत मास्तर. "मी नाही जात, मुलगा जातोय," असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, अर्धी गाडी माझ्याकडे बघायला लागली. खाली धाकटी बहीण मनीषा माझी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होती. आई तेव्हा नव्हतीच. गाडी सुटताना आबा एवढंच म्हणाले, "तू जातोयस खरा, पण हिच्याकडे बघ." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

त्याला बावीस वर्षं झाली. बदलापूरला वन बीएचके, महाप्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी. माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांना मी नवीन काही सांगत नाहीये. तुम्हीही हेच केलंय, फक्त कबूल करत नाही. आपल्याकडचं जुनं झालं की आपण ते गावाला पाठवतो. डुगडुगणारा पंखा, पोपडे आलेलं कपाट, बोंब मारणारा मिक्सर. टाकवत नाही, भंगारवाला भाव देत नाही, मग मे महिन्यात टेम्पोत घालायचं. गावाला चालेल. आणि गावच्या माणसांनी वर कौतुक करायचं, मुंबईहून आलं म्हणून! तुम्ही गावी राहिलात त्यांनी एकदा तरी तोंड उघडायला हवं होतं.

मनीषानं उघडलं होतं, पण मी ऐकलं नाही.

ती बी.ए. झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आबांजवळ राहिली, कारण आबांचे गुडघे गेले होते. आमच्या वाडीतून खेडला जायचं तर एसटी सकाळची, परतीची थेट संध्याकाळची. एका झेरॉक्सपायी माणसाचा दिवस जातो. तिनं ठरवलं, घरीच प्रिंटर ठेवायचा. लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, सातबारा काढून द्यायचा. चार पैसे घरबसल्या मिळाले की आबांना सोडून नोकरीला जायला नको. तिनं मला फोन केला, "दादा, फार महागाचा नको, पण चालवायला स्वस्त पडेल असा बघ. टाकीत शाई ओततात ना, तसला. तो डबीवाला नको हां. त्याची एक डबी घ्यायची तर अर्ध्या प्रिंटरचे पैसे जातात."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो, "मी बघतो."

आणि बघितलंही की! ऑफिसमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाचं डोकं खाल्लं, तीन दुकानं पालथी घातली, मोबाइलवर व्हिडिओ बघितले. डबीवाला प्रिंटर स्वस्त का असतो तर कंपनी शाईवर कमावते, हे मला कळलं. टाकीवाला घेताना दुपटीच्या वर जातो, पण एका बाटलीत हजारो पानं निघतात, हेही कळलं. डबीवाला आठ-दहा दिवस बंद राहिला की शाई वाळते आणि तोंड साफ करण्यातच उरलेली संपते. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे मी फसलो नाही.

शनिवारी दुकानात जाऊन मी दोन प्रिंटर घेतले. टाकीवाला आमच्या आर्यनच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरी ठेवला. त्याला रंगीत किल्ले आणि सूर्यमाला काढायच्या असतात. डबीवाला ऑफरमध्ये होता, तो लक्झरीनं गावाला पाठवला. काउंटरपाशी उभा राहून मी मनात काय म्हणालो ते लख्ख आठवतं. तिला काय, चार पानं तर काढायची असणार.

पहिल्या आठवड्यात वाडी लोटली. बुद्धविहारात तिचं कौतुक झालं, आबांनी फोनवर मला शाबासकी दिली. बाराव्या दिवशी शाई संपली. मी महागडी डबी पाठवायच्या ऐवजी भरून घेतलेली पाठवली. ती गळली. मग पाऊस लागला. कागद दमट होऊन दोन-दोन पानं एकदम ओढली जायला लागली, म्हणून मनीषानं कागद चुलीवरच्या माळ्यावर ठेवले, सुकटीच्या डब्याशेजारी. कचेरीतल्या क्लार्कनं म्हणे फॉर्म नाकाशी नेला आणि विचारलं, "बाई, हा अर्ज आहे की कालवण?" हे सांगताना ती फोनवर खो खो हसली होती. तेव्हा अजून हसत होती.

श्रावणात शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म निघाला तो मधोमध पांढऱ्या रेघा घेऊन. नंबर वाचता येईना, कॉलेजनं परत पाठवला, दुसरा नेईपर्यंत तारीख गेली. मनीषा फोनवर म्हणाली, "दादा, रेघा जात नाहीत." मी म्हटलं, "क्लीनिंग मार." तिनं मारलं. उरलीसुरली शाई गेली. वाडीत बोलणं सुरू झालं, "मास्तरांच्या पोरीकडं पान कोरं नि पैसं पुरं." माणसं पुन्हा सकाळच्या एसटीनं खेडला जायला लागली.

दिवाळीनंतर ती लोट्याला एका केमिकल कंपनीत पॅकिंगला लागली. कंपनीची बस हायवेवर येते, तिथपर्यंत पहाटे चालत. आबा दिवसभर एकटे. तिनं केलेली भाजी दुपारी गरम करायला त्यांना उठवत नाही, ते गारच खातात. फोनवर मला म्हणतात, "बरं चाललंय."

पुढच्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती आबांना घेऊन माझ्याकडे आली. हॉलमध्ये आमचा प्रिंटर, वर बायकोनं विणलेला रुमाल. मनीषानं रुमाल उचलला. "हा कधी घेतला, वहिनी?"

बायको बिचारी सरळ बोलली, "अहो ताई, तुमचा घेतला त्याच दिवशी. दोन्ही एकदमच आणले यांनी."

मी तिथंच होतो. मनीषा खाली वाकली, टाकीच्या काचेतून शाई किती आहे ते तिनं बघितलं आणि रुमाल नीट चौकोनी घडी करून परत ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. आठ दिवस राहिली, माझ्याशी हसून बोलली. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या आठ दिवसांत कळलं.

वर्षभरानं, यंदा मे महिन्यात, मी नवाकोरा टाकीवाला घेऊन गावाला गेलो. दारातून आत पाऊल टाकलं तर खिडकीशी टेबलावर एक प्रिंटर. काळा-पांढरा, लेझर, सेकंडहँड. मनीषानं कंपनीच्या ऑफिसातल्या बायकांना विचारून, स्वतःच्या पगारातून घेतलेला. त्याची शाई म्हणजे पूड, पावसाळ्यात वाळत नाही. सुट्टीच्या दिवशी ती पानं काढून देते. माणसं परत येतायत म्हणे, थोडी थोडी. घेऊन सहा महिने झाले होते. आबांनीही मला कळवलं नव्हतं.

मी खोकं हातात धरून उभा. म्हटलं, "मला सांगायचं होतंस. मी चौकशी केली असती."

"तू चौकशी चांगली करतोस, दादा," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

मग ती आत गेली. आबांचा आणि तिचा चहा नेहमीच्या पेल्यांत आला. माझा कपबशीत.

आमच्याकडे बशी पाहुण्याला देतात.